टीआरपी म्हणजे नक्की कोणाचा? (आईने विचारलेला प्रश्न)

सायली_बार्शी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. माझी आई ६७ वर्षांची, बार्शीला एकटी असते. बाबा गेल्यापासून संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ टीव्ही हीच तिची सोबत. तिची एक मालिका होती, नाव लिहीत नाही कारण प्रश्न त्या एकाच मालिकेचा नाहीये. आधी आठला लागायची, मग साडेसहाला ढकलली, आणि मग एका आठवड्यात सगळी लग्नं सगळे खुलासे उरकून बंदच केली. आईचा फोन आला, "अगं मी तर रोज बघत होते, गल्लीतल्या सगळ्या बघत होत्या, मग बंद का केली?" मी म्हटलं टीआरपी आला नसेल. तर म्हणाली, "तो कोणाचा असतो? आमच्याकडे तर कोणी विचारायला आलं नाही."

मला खरंच नीट सांगता आलं नाही. इथे कोणी त्या क्षेत्रातलं आहे का? आईला समजेल असं सांगाल का?

मकरंद_मीडिया
सायली, मी १८ वर्षं जाहिरात एजन्सीत मीडिया प्लॅनिंग केलंय, त्यातली बरीच वर्षं मराठी चॅनेलांसाठी. जमेल तसं सांगतो.

टीआरपी म्हणजे टीव्हीवर काय किती बघितलं जातं त्याचा आकडा, आणि तो मोजायचं काम २०१५ पासून बार्क करते. त्याआधी टॅम होती. बार्क ही चॅनेलवाले, जाहिरातदार आणि जाहिरात एजन्सी या तिघांची मिळून केलेली संस्था, त्यात चॅनेलवाल्यांचा वाटा ६० टक्के आणि बाकी दोघांचा २०-२०. देशभरात साधारण ५५ हजार घरांत त्यांचं मीटर बसवलेलं आहे. प्रत्येक चॅनेल आपल्या आवाजात एक खूण मिसळून सोडतं जी माणसाच्या कानाला ऐकू येत नाही पण मीटरला कळते, त्यावरून कुठल्या मिनिटाला कुठलं चॅनेल चालू होतं ते समजतं. आणि घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण दिलेलं असतं, टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं आणि उठलं की परत दाबायचं. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि गुरुवारी आकडे येतात. चॅनेलच्या ऑफिसात गुरुवारी सकाळी काय वातावरण असतं ते मी पाहिलंय, दहावीच्या निकालासारखं, फक्त दर आठवड्याला.

आईंना सांगा की त्यांच्या गल्लीत मीटर नसणार, त्यांच्यासारख्या दुसऱ्या कोणाच्या तरी घरात आहे, आणि ते घर त्यांच्या वतीने बोलतं असं धरलेलं आहे.

खडूफळा
हे "धरलेलं आहे" तिथेच तर गडबड आहे ना! २१ कोटी घरांत टीव्ही आणि मीटर ५५ हजार घरांत. माझ्या आख्ख्या ओळखीत, नात्यात, शाळेच्या स्टाफमध्ये एकाच्याही घरी मीटर नाही. कोणाच्या घरी आहे ते तरी सांगा. मला हे सगळं आतल्या आत ठरवलेलं वाटतं.

शून्यपूर्णांक
खडूफळा, रागावू नका पण तुमच्या ओळखीत मीटर नसणं हे अगदी अपेक्षित आहे. २१ कोटी भागिले ५५ हजार म्हणजे साधारण ३८०० घरांमागे एक. ३८०० कुटुंबं ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शिवाय ज्यांच्याकडे मीटर असतं त्यांनी ते कोणाला सांगायचं नसतं, कारण एकदा घर कळलं की तिथे पोचणारे लोक तयारच असतात. २००१ मध्ये मुंबईतल्या अशा घरांची यादी फुटली होती, तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली होती ते आठवत असेल कोणाला.

नमुना लहान आहे म्हणून खोटा, हे म्हणणं बरोबर नाही. शितावरून भाताची परीक्षा आपल्याकडे रोज होते, पातेलं घरचं असो की पंगतीचं, शीत एकच काढतात. अट एवढीच की भात नीट ढवळलेला हवा, नाहीतर वरचं शीत शिजलेलं आणि तळाचं कच्चं. मोठ्या मालिकेसाठी हा हिशेब चांगला चालतो.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती कमी लोक बोलतात. समजा एखाद्या भागात, एखाद्या गटात २०० मीटर आहेत आणि एखादा कार्यक्रम १ टक्का लोक बघतात, म्हणजे २ घरं. त्यातलं एक घर लग्नाला गावी गेलं की प्रेक्षक अर्ध्यावर, आणि पुढच्या आठवड्यात आणखी एका घराने तो लावला की मूळच्या दीडपट. कार्यक्रमात काहीच बदललेलं नसतं. लहान चॅनेल, रात्री उशिराचे कार्यक्रम, बातम्या, सगळ्यांचं असंच होतं. बातम्यांच्या चॅनेलांचे आकडे म्हणूनच मार्च २०२२ पासून चार आठवड्यांची सरासरी काढून देतात. एका आठवड्याच्या असल्या आकड्यावर कोणाची नोकरी जात असेल तर ते चूकच आहे, मग नमुना कितीही शास्त्रशुद्ध काढलेला असो.

मकरंद_मीडिया
शून्यपूर्णांक यांनी बरोबर बोट ठेवलंय. आणि "ढवळलेला भात" याबद्दलच सांगायचं तर टॅमच्या काळात खेडी जवळजवळ मोजलीच जात नव्हती. ऑक्टोबर २०१५ मध्ये बार्कने खेड्यांचे आकडे द्यायला सुरुवात केली आणि हिंदीत क्रमवारी उलटीपालटी झाली, डीडी फ्री डिशवर फुकट दिसणारी, जुन्या मालिका परत दाखवणारी चॅनेलं एकदम वर आली. ते प्रेक्षक आदल्या आठवड्यातही तिथेच बसलेले होते, फक्त आपल्या लेखी नव्हते. मी तेव्हा दोन दिवस नुसते ते तक्ते बघत बसलो होतो, इतकी वर्षं आपण कोणाला धरलंच नाही हा विचार जात नव्हता.

सायली_बार्शी
मकरंद, खूप छान समजावलंत. पण एक विचारू का, आई पोळ्या लाटताना, भाजी निवडताना टीव्ही लावून ठेवते, कधी कधी बघतही नाही, नुसता घरात आवाज हवा म्हणून. मग तिच्या घरी मीटर असतं तर ते पण धरलं असतं का?

मकरंद_मीडिया
बटण दाबलेलं असेल तर हो, धरलं असतं. मन कुठे आहे ते मीटरला कळत नाही. डोळ्यात पाणी आणून बघितलेला भाग आणि मेथी निवडताना मागे चालू असलेला भाग दोन्ही सारखेच.

आणि एक कटू गोष्ट सांगतो, आईंना सांगायची का ते तुम्ही ठरवा. मोजलं जाणं वेगळं आणि विकलं जाणं वेगळं. आकड्यांत वयाचे गट असतात, २२-३०, ३१-४० असं करत शेवटचा गट ६१+. साबण-शांपू-मसाल्यांचा जाहिरातदार येतो तेव्हा त्याला हवा असलेला टीजी, म्हणजे टार्गेट ग्रुप, बहुतेक वेळा तरुण बाईचा असतो. म्हणजे एखादी मालिका आईंच्या वयाच्या लाखो बायका प्रेमाने बघत असल्या तरी त्या वेळेच्या स्लॉटला पैसे कमी मिळू शकतात. मी स्वतः असे प्लॅन केलेत ज्यात ६१+ चा कॉलम उघडलासुद्धा नाही. तुमचा धागा वाचून काल रात्री मला माझीच आई आठवत राहिली.

उंबरठा
मी २००० नंतरची पाच-सहा वर्षं वाचक सर्वेक्षणाचं फील्डवर्क केलंय, नाशिक, जळगाव, मालेगाव, सोलापूर. टीव्हीचं मीटर असतं तसं पेपरला नसतं, तिथे माणसाने माणसाला दारात उभं राहून विचारायचं असतं. पर्समध्ये पेपरांच्या नावांची कार्डं, एकेक कार्ड दाखवायचं आणि विचारायचं हा शेवटचा कधी वाचलात, काल, गेल्या आठवड्यात की त्याआधी. ऐकायला सोपं वाटतं पण तसं नाहीये.

दार उघडेल त्याला विचारायचं नसतं. घरातल्या माणसांची वयानुसार यादी करायची, मग किश ग्रिड म्हणून एक तक्ता असतो त्यावरून कोणाला विचारायचं ते ठरतं. बरेचदा तक्ता घरातल्या सुनेचं नाव काढायचा आणि सासरे म्हणायचे मला विचारा, तिला काय कळतंय. आणि ती आतून म्हणायची, "मी कुठे पेपर वाचते, हे वाचतात." मी कार्ड दाखवायला लागले की पुरवण्या, पाककृती, शब्दकोडं, मुलांचं पान, सगळं तिला ठाऊक असायचं. दुपारी सगळे गेल्यावर ती पेपर अथपासून इतिपर्यंत वाचत होती, पण त्याला वाचणं म्हणायचं असतं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या उलट काही पुरुष इंग्रजी पेपरच्या कार्डावर मान डोलवायचे आणि कपाटाखाली रद्दी मात्र वेगळ्याच पेपरची दिसायची. मी रद्दी बघून उत्तर बदलू शकत नव्हते, जे सांगितलं ते लिहायचं हा नियम, आणि नियम योग्यच आहे. पण सुनेच्या बाबतीत मात्र मी प्रत्येक वेळी उंबऱ्यात उभी राहून सगळी कार्डं दाखवल्याशिवाय हलायचे नाही, कितीही उशीर झाला तरी, सुपरवायझरची बोलणी खाल्ली तरी.

घराची पत ठरवायचे प्रश्नही असतात. आता त्याला एनसीसीएस म्हणतात. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ गोष्टींपैकी किती आहेत, वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, गाडी, एसी, शेतजमीन. त्यावरून ए१ ते ई३ असे १२ गट. आमच्या वेळी पद्धत थोडी वेगळी होती, पण पंखा आहे का विचारताना त्या घरातली बाई वर बघायची आणि मला खाली बघावंसं वाटायचं, ते तेव्हाही तसंच होतं.

खडूफळा
उंबरठा, हे वाचून माझं मत थोडं बदललं. पण लबाडीचं काय? २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी सांगितलं होतं ना की मीटरच्या घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनेल लावून ठेवायला सांगत होते.

मकरंद_मीडिया
तो आरोप होता, ऑक्टोबर २०२० मधला. बार्कने त्यानंतर बातम्यांच्या चॅनेलांचे आकडे थांबवले ते थेट मार्च २०२२ पर्यंत. खटला पुढे सरकारने मागे घेतला, त्यामुळे कोण दोषी यावर मी बोलणार नाही. पण कायदेशीर वाटणाऱ्या मार्गानेही आकडा फुगतो हे सांगतो. सेट टॉप बॉक्स चालू केला की आपण न लावता एक चॅनेल समोर येतं, ते लँडिंग पेज. ती जागा पैसे देऊन विकत मिळते. ट्राय या सरकारी नियामक संस्थेने २०१८ मध्ये त्यावर बंदी आणली होती, ती पुढे टीडीसॅट या अपील न्यायाधिकरणात टिकली नाही. बार्क असे आकडे चाळून बाजूला काढायचा प्रयत्न करते, तरी माझ्या मते ही पद्धतच बंद व्हायला हवी.

म्हादई
मी गोव्याहून, फोंडा. आमच्याकडे घरात कोंकणी बोलतात आणि टीव्हीवर मराठी मालिका, लहानपणापासून असंच. बार्कच्या हिशेबात महाराष्ट्र/गोवा हा एकच बाजार आहे. म्हणजे फोंड्याचं घर पुण्या-मुंबईच्या ढिगात जातं. गोव्याला काय हवंय हे त्या आकड्यातून वेगळं दिसतच नसेल तर कोंकणी कार्यक्रमाला पैसे घालणारा कुठून येणार? मला हे फार लागतं.

आणि तुम्ही सगळे "किती जण बघतात" यावरच बोलताय, बघून काय होतं त्याचं काय? रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ मध्ये बिहार, गोवा, हरियाणा, तामिळनाडू आणि दिल्ली इथे तीच तीच घरं दरवर्षी जाऊन विचारली. ज्या गावांत मधल्या काळात केबल आलं आणि ज्यांत नाही आलं अशी तुलना. केबल आलेल्या गावांत नवऱ्याने मारलं तर चालतं असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयात बाईचा शब्द वाढला. सासू-सुनांच्या ज्या मालिकांना आपण नावं ठेवतो त्याच तेव्हा चालू होत्या. माझी मावशी त्याच काळात बँकेत स्वतःच्या नावाने खातं उघडायला गेली होती, टीव्हीमुळेच गेली असं मी म्हणत नाही, पण तो अभ्यास वाचला तेव्हा तीच डोळ्यासमोर आली.

खडूफळा
माझा अनुभव उलट आहे. सहावी-सातवीची मुलं मालिकेतल्यासारखी कट-कारस्थानाची भाषा बोलतात, कोणाला तरी एकटं पाडतात. हा पण परिणामच ना?

उंबरठा
असेल. पण परिणाम सरळ रेषेत होत नाही हेच तर मजेशीर आहे. दूरदर्शनवरची 'हम लोग' आठवते का, १९८४-८५, १५६ भाग. कुटुंब नियोजन, बायकांचं स्थान असे विषय पोचवायचे म्हणून मेक्सिकोतल्या तशाच मालिकांच्या धर्तीवर मुद्दाम केलेली मालिका. शेवटी अशोक कुमार येऊन बोलायचे. प्रेक्षकांची पत्रं ४ लाखांच्या आसपास आली, आणि अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी त्या पत्रांचा अभ्यास केला, प्रेक्षकांच्या मुलाखती घेतल्या. त्यात भागवंती ही सगळं सोसणारी आई "असं होऊ नका" म्हणून दाखवलेली होती, आणि बऱ्याच प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. लिहिणाऱ्याने एक लिहिलं आणि बघणाऱ्याने स्वतःच्या घरचं त्यात वाचलं. हे मीटरने कधीच कळलं नसतं, पत्रांमुळे आणि माणसांशी बोलल्यामुळे कळलं.

अकोलेकर_आबा
मी उशिरा आलो धाग्यावर. वय ७४, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे टीव्हीचं बोलताय. प्रेक्षक-श्रोत्यांचा एक फार मोलाचा अभ्यास आपल्याच मुलखात झालाय आणि तो आपल्यालाच माहीत नाही याची मला खंत आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून खेड्यांसाठी रेडिओ फोरमचा प्रयोग केला. मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे, पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर. १५० गावं. गावातली माणसं आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची, शेती, आरोग्य, शिक्षण असे विषय, आणि मग त्यावर चर्चा करायची, काय ठरलं ते लिहून केंद्राला कळवायचं. १० आठवडे, २० कार्यक्रम. असा प्रयोग आधी कॅनडात झाला होता.

तो मोजायचं काम टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसकडे होतं आणि प्रमुख होते पॉल न्यूराथ. हा माणूस व्हिएन्नाचा, नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटलेला, अमेरिकेत शिकलेला, आणि तो येऊन आमच्या खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांना काय समजलं ते मोजत होता. पद्धत बघा. फोरमची २० गावं निवडली. शिवाय फोरम नसलेली २० गावं, त्यातल्या १० गावांत नुसता रेडिओ आणि १० गावांत रेडिओच नाही. तिन्हीकडे कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर तेच प्रश्न. फोरमच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली. रेडिओ होता पण चर्चा नव्हती तिथे थोडीच, आणि रेडिओ नव्हता तिथे जवळजवळ काही नाही. म्हणजे कानावर पडणं आणि चार माणसांत बसून त्यावर बोलणं यात केवढा फरक पडतो ते आकड्यांत दाखवलं. १९५९ पासून हे फोरम देशभर सुरू झाले.

माझे वडील आमच्या गावच्या फोरममध्ये लिहून घ्यायचं काम करत. चौथी शिकलेले, पण अक्षर मोत्यासारखं. त्यांची वही ट्रंकेत आहे असं धाकटा भाऊ म्हणतो.

शून्यपूर्णांक
आबा, हे वाचून अंगावर काटा आला. रेडिओ नसलेली गावंसुद्धा मोजली म्हणजे जे काही वाढलं ते कार्यक्रमामुळे की एरवीही वाढलंच असतं, याची खात्री करून घेतली. १९५६ मध्ये! आज मोबाईलवर तर नमुना काढायचीही गरज नाही, कुठल्या रीलवर तुमचा अंगठा किती सेकंद थांबला ते प्रत्येकाचं नोंदलं जातं. पण मोजणारा आणि पुढची रील निवडून देणारा एकच आहे, आणि त्याला समजलं का हे विचारायचं कारणच नाही, थांबला एवढं त्याला पुरतं. मी मुलीबरोबर बसून तिच्या फोनवरचं बघायला लागलोय गेल्या महिन्यापासून, बघून झालं की पाच मिनिटं बोलतो. तिला सुरुवातीला कंटाळा यायचा, आता तीच थांबवून विचारते हे खरं असेल का बाबा.

सायली_बार्शी
आबा, काल तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. म्हणाली आमच्या गल्लीत पण मालिका संपल्यावर ओट्यावर बसून आम्ही तेच तर करत होतो, ती कशी चुकली, आपण असतो तर काय केलं असतं. आता मालिका नाही तर जमणंही कमी झालंय. तिला चॅनेलला पत्र लिहायचंय, गल्लीतल्या नऊ जणींच्या सह्या घेऊन. मकरंद, पत्र कोणी वाचतं का खरंच?

मकरंद_मीडिया
वाचतात. सोशल मीडियावरच्या कमेंटपेक्षा हाताने लिहिलेलं पत्र जास्त जण वाचतात, कारण हल्ली येतच नाहीत. बंद झालेली परत येणार नाही हे आईंना आधीच सांगा. पण वेळ बदलल्यावर आठचे प्रेक्षक साडेसहाला का येऊ शकले नाहीत, तेव्हा घरात दिवाबत्ती, स्वयंपाक, पाणी यायची वेळ असते, हे नक्की लिहा. आकड्यात घसरण दिसते, कारण दिसत नाही. पत्ता मी तुम्हाला वेगळा कळवतो.

अकोलेकर_आबा
भावाने वही काढली. वाळवीने कडा खाल्ल्यात पण आतलं शाबूत आहे. एका दिवसाचं जसंच्या तसं लिहितो.

"विषय कंपोस्ट खताचा खड्डा. हजर १९. रेडिओ मध्ये दोन वेळा खरखरला. चर्चा पाऊण तास. प्रश्न, खड्डा घरापासून किती लांब. तिघांनी खड्डा घेण्याचे कबूल केले. बायका चार दाराआड उभ्या होत्या, त्यांना ऐकू जावे म्हणून आवाज मोठा ठेवला. हजेरीत धरल्या नाहीत."

त्याखाली दुसऱ्या शाईने, बहुधा नंतर कधीतरी, त्यांनी चारही नावं लिहिलीयत. त्यात माझी आई आहे. फोटो टाकायचा प्रयत्न करतो, शाई फार फिकट झालीय.